भीतीची नांदी

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी एका माजी विद्यार्थ्याच्या घरी फराळाला गेलो होतो. विद्यार्थी म्हणजे आता बेचाळीस वर्षांचा गृहस्थ, इलेक्ट्रिकच्या सामानाचे दुकान सचोटीने चालवणारा. आठवी ते दहावी तो माझ्या हाताखाली मराठी शिकला. त्याची पत्नी कन्नड घरातली. दोन्ही भाषा त्या घरात अशा सहज वावरतात की कोणती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे पाहुण्याला कळू नये. आपल्या भागात यात नवल काहीच नाही.

चकलीचा तुकडा तोंडात टाकतो न टाकतो तोच त्यांची पीयूसीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चित्रपट लावून बसली. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा ‘सायको’. मैत्रिणीने सांगितले होते म्हणे, की जगातल्या भयपटांत याचे नाव पहिल्या रांगेत घेतात. काळ्या पडद्यावर करड्या रेघा सरकू लागल्या, व्हायोलिनांचा घायकुतीला आलेला सूर सुरू झाला आणि मुलीने रिमोट उचलून सगळी नावे भर्रकन पुढे ढकलली. पडद्यावर एक शहर आले, मग हॉटेलची खोली, दुपारच्या वेळी चोरून भेटलेले एक जोडपे, त्यांची पैशांची ओढाताण आणि लग्नाची बोलणी. पाच मिनिटे पाहून ती म्हणाली, “हा कसला भयपट? ही तर लव्ह स्टोरी आहे की.”

मला राहवले नाही. “अगं, तू नावं बघितलीच नाहीस. मागं ने जरा.”

“नावं कशाला बघायची आजोबा? गोष्ट तर पुढंच आहे की.”

आजोबा ही पदवी मला अजून अंगवळणी पडायची आहे. पण पोरीने कुरकुरत का होईना चित्रपट मागे नेला. पुन्हा त्या रेघा, पुन्हा ते संगीत. दोन मिनिटांच्या आत नावे संपली. तिची आई करंज्यांचे ताट घेऊन दारात उभी होती. “अंजिकी आगतद,” ती पुटपुटली, म्हणजे भीती वाटते, आणि ताट ठेवून आत निघून गेली. तोवर पडद्यावर काहीही घडले नव्हते. ना खून, ना भूत, ना किंकाळी. माणसाचा चेहरादेखील दिसला नव्हता. मग तेच शहर, तीच खोली, तेच जोडपे आले. या वेळी मुलगी काही बोलली नाही. पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून बसली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “त्या खिडकीतून कुणीतरी आत येतंय असं वाटतं.”

खरे तर खिडकीतून कॅमेराच आत शिरतो. तो पहिल्या वेळीही तसाच शिरला होता. दृश्य तेच, पाहणारी तीच, मध्ये फक्त दोन मिनिटांची श्रेयनामावली. तेवढ्याने प्रेमकथेचा भयपट झाला. तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. नावे कशाला पाहायची? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो तिने विचारला नव्हता. दुसऱ्याला घाबरवायला निघालेल्या माणसाने आधी तशी सूचना देणे हे नुसते कौशल्य आहे, की त्याचे कर्तव्यही आहे?

आधी त्या दोन मिनिटांत काय घडते ते पाहू. ‘सायको’ची श्रेयनामावली सॉल बास या आरेखनकाराने केली आणि संगीत बर्नार्ड हरमन यांनी दिले. बास यांनी रेघांपलीकडे काही वापरले नाही. कधी आडव्या, कधी उभ्या, एकीमागून एक धावत येणाऱ्या. त्या येतात तशी अक्षरे जुळतात, त्या जातात तशी तुटतात. चित्रपटाचे नाव तर मधोमध चिरून, तुकडे किंचित सरकवून दाखवले आहे. आपण वाचतो, पण नीट वाचता येत नाही. हरमन यांनी या चित्रपटासाठी केवळ तंतुवाद्ये घेतली. ना बासरी, ना तुतारी, ना ढोल. चित्रपट कृष्णधवल, तसे संगीतही एकाच जातीच्या वाद्यांचे. शेवटी उभ्या रेघा उंच होत जातात आणि त्यांच्या जागी फिनिक्स शहराच्या इमारती उभ्या राहतात. म्हणजे त्या रेघांतूनच आपण गावात शिरलो. पुढे शुक्रवारची साधी दुपार आहे, कचेरीची वेळ आहे, पण आपण त्या दुपारकडे साध्या नजरेने पाहूच शकत नाही. काहीतरी दुभंगणार आहे एवढे आपल्याला कळलेले असते. काय, ते कळलेले नसते.

भयपटाची नावे करतात ते हेच. ती गोष्ट सांगत नाहीत, गोष्ट कशी पाहायची ते सांगतात. आणि ते कळायला अक्षरओळखसुद्धा लागत नाही. लहानपणी शेजारच्या अक्कांनी त्यांच्या मुलांबरोबर मला एका कन्नड चित्रपटाला नेले होते. कानडी लिपी तेव्हा मला येत नव्हती. गोल गोल अक्षरे येत होती आणि जात होती, त्यांतले एकही मला वाचता आले नाही. पण ती अक्षरे खालून ओघळत होती, मागे वारा घोंघावत होता आणि कुठेतरी दार करकरत होते. मी अक्कांचा पदर धरला. शेजारचा कानडी पोरगाही त्याच क्षणी त्यांच्या दुसऱ्या बाजूला सरकला. त्याला नाव वाचता आले होते, मला नाही, तरी दोघांना एकच गोष्ट कळली होती.

१९९३ साली झी टीव्हीवर रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, तेव्हाचे दिवस पुष्कळांना आठवत असतील. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’सारख्या चित्रपटांतून ज्यांनी जुने वाडे, कुलूपबंद तळघरे आणि गडगडते आभाळ घरोघर पोचवले, तेच हे बंधू. ती मालिका सुरू झाली की आमच्या वाड्यातली पोरे कान झाकून घेत. डोळे नव्हे, कान. शीर्षकसंगीत संपले की कान सोडत आणि पुढचा भाग भाकरी खात खात पाहत. मला तेव्हा हसू येई. आज वाटते, पोरांचे बरोबर होते. गोष्ट सुरू झाली की भीतीला आकार येतो. भूत दिसले की ते अमुक उंचीचे, अमुक चेहऱ्याचे होते. कधी कधी तर त्याचा रबरी मुखवटाही दिसतो आणि पोरे खिदळतात. नावे येत असताना मात्र भीतीला अंग नसते, ती कुठूनही येऊ शकते.

मराठीने हा फरक शब्दांतच ठेवला आहे. भीती वाटते ती कशाची तरी, सापाची, अंधाराची, परीक्षेची. धास्ती लागते, तेव्हा कशाची ते नेमके सांगता येत नाही. डॅनिश तत्त्वज्ञ सरेन किर्केगार्द यांनी १८४४ साली याच भेदावर एक पुस्तक लिहिले. भीतीला विषय असतो आणि धास्तीला नसतो, हे त्यातले एक मुख्य सूत्र. आपल्या आज्यांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. आणखी एक शब्द आपल्याकडे आहे, धाक. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण या लेखाचे खरे कारण तो शब्द आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. घाबरवणाऱ्याने आधी सांगावे का?

१९३१ साली युनिव्हर्सल कंपनीचा ‘फ्रॅंकेन्स्टाइन’ आला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. त्यात नावांच्याही आधी एक गृहस्थ पडद्याआडून पुढे येतात. एडवर्ड व्हॅन स्लोन हे नट, जे पुढे चित्रपटात एका वृद्ध प्राध्यापकाची भूमिका करतात. निर्माते कार्ल लेमली यांच्या वतीने ते प्रेक्षकांना मित्रत्वाने सावध करतात. सांगण्याचा मतलब असा, की हे पाहून तुम्हांला धक्का बसेल, कदाचित तुमची गाळणही उडेल. ज्यांना आपल्या जिवाला असा ताण द्यायचा नसेल त्यांनी आताच काय ते ठरवावे. मग नावे येतात. त्यांच्यामागे डोळेच डोळे गरगरत असतात. आणि नटांच्या यादीत राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. ते नाव बोरिस कार्लोफ, हे शेवटच्या यादीत कळते.

हा सगळा धंदेवाईक चतुरपणा होता, हे मला मान्य आहे. जाऊ नका म्हटले की माणूस जातोच. पण चतुरपणात का होईना, एक सभ्य रीत त्यात पाळली गेली. माणसाला दार दाखवले गेले. मी तुम्हांला घाबरवणार आहे, तुमची संमती आहे का, असे विचारले गेले.

आपल्या परंपरेत ही रीत फार जुनी. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत भयानक हा एक. त्याचा स्थायीभाव भय, वर्ण काळा आणि देवता काळ. भयाला नाट्यात असे मानाचे आसन दिले, पण नाटक एकदम भयाने सुरू करू दिले नाही. आधी पूर्वरंग, मग नांदी, मग सूत्रधार आणि नटीची प्रस्तावना. एवढा पसारा कशासाठी? अकराव्या शतकाच्या आसपास काश्मिरात अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त याचे उत्तर दिले आहे. प्रेक्षक समोरच्या सुखदुःखाला स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या खासगी सुखदुःखाशी बांधून बसला, तर रस उत्पन्न होत नाही, विघ्न येते. ते विघ्न दूर व्हावे म्हणून पूर्वरंग, म्हणून प्रस्तावना, म्हणून नटाचा मुकुट आणि वेश. हे नाट्य आहे, हे एकदा मनाला पटले की मन मोकळे होते.

त्यांनी यासाठी घेतलेले उदाहरण तर भयानक रसाचेच आहे. ‘शाकुंतला’च्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून वळवून मागे पाहणारे हरीण. ते पाहताना मी भ्यालो, तो भ्याला, शत्रू भ्याला असे काही मनात येत नाही. कोणा एकाचे नसलेले, देशकाळापासून सुटलेले नुसते भय अनुभवाला येते, आणि म्हणून त्याची गोडी लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हेच ‘शाकुंतल’ संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणले. नांदीने नाटक सुरू होण्याची रीत आपल्या पणजोबांच्या कानांत त्या नाटकांनीच पक्की बसवली. माझे म्हणणे एवढेच, की ‘सायको’च्या करड्या रेघा म्हणजे भीतीची नांदी आहे. सूत्रधार कोट-टोपीत नाही, रेघांत आहे. पण त्याचे काम तेच. तो सांगतो, हे भय तुमचे नाही, घाबरायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, सगळ्याच नांद्या खऱ्या बोलतात का? १९६८ सालच्या ‘रोझमेरीज बेबी’ या रोमन पोलान्स्कींच्या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या घरांवरून कॅमेरा संथपणे फिरतो, नावे गुलाबी आणि वळणदार, लग्नपत्रिकेवर शोभावीत अशी. कोणी बाई शब्दांवाचून अंगाई गुणगुणते आहे. तो आवाज नायिका मिया फॅरो यांचाच. पुढे मात्र एका गर्भवती मुलीला तिचा नवरा, शेजारी आणि डॉक्टर मिळून कसे फसवतात याची अंगावर काटा आणणारी कथा आहे. मग ही गुलाबी अक्षरे खोटारडी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. ती अंगाई लक्ष देऊन ऐकली तर तिच्यात काहीतरी चुकलेले आहे, बाळाला झोपवणाऱ्या आवाजात स्वतःच झोप उडालेली कोणीतरी आहे. शिवाय त्या कथेत विष येते तेच मुळी गोडीतून, शेजारणीच्या मायेतून, हातात दिलेल्या पेल्यातून. तेव्हा गोड अक्षरांनीच सांगणे हे तिथे जास्त खरे. नांदीने कथानक सांगावे असे नाहीच. तिने जात सांगावी.

‘सायको’चेही तसेच. पहिला बराच वेळ चित्रपट चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेल्या एका तरुणीची गोष्ट सांगतो, आणि पाऊण तासाच्या सुमारास त्या गोष्टीचा पायाच काढून घेतो. प्रेक्षक फसतो. पण रेघांनी त्याला सांगितलेले असते, की इथे जुळलेले तुटणार आहे. हिचकॉक यांनी तर खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा दंडक चित्रपटगृहांना घातला होता. त्यामागे जाहिरात होतीच. पण त्या दंडकामुळे आत बसलेला प्रत्येक जण सुरुवातीपासून आलेला असे, म्हणजे नांदी ऐकलेला असे.

आणखी एक नांदी सांगून हा भाग संपवतो. १९८० सालच्या स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये डोंगरातल्या रस्त्यावरून एक पिवळी गाडी चालली आहे आणि आपण ती आकाशातून पाहतो. तळे, झाडी, बर्फाची शिखरे, सगळे पिक्चर पोस्टकार्डासारखे सुंदर. गाडी मात्र मुंगीएवढी. संगीत वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांचे, आणि त्याची धून ‘दिएस इरे’ या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची. न्यायाच्या अंतिम दिवसाचे ते स्तोत्र १९६०-७०च्या सुमारास झालेल्या सुधारणांपर्यंत कॅथलिकांच्या मृतांसाठीच्या मिस्सेत गायले जाई. ज्याला ते ओळखू येते त्याला कळते, की या गाडीची अंत्ययात्रा निघाली आहे. ज्याला येत नाही त्यालाही एवढे कळते, की वरून कोणीतरी पाहते आहे आणि या रस्त्याला वळून यायची वाट नाही.

इथपर्यंत त्या पाडव्याच्या संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने बोललो होतो. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास घ्यायची सवय, समोर ऐकणारी हुशार मुलगी, हातात गरम चहा. समारोपही करून टाकला. म्हणालो, “म्हणून लक्षात ठेव, जो आधी सांगून घाबरवतो तो कलावंत, आणि जो न सांगता घाबरवतो तो दुष्ट.” मुलीला वाक्य आवडले. तिचा बाप मात्र चहाच्या कपाकडे पाहत होता.

“सर,” तो म्हणाला, “एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचार की.”

“तुम्ही सांगूनच यायचा की आमच्या वर्गावर.”

त्याला काय म्हणायचे आहे ते मला लगेच कळले, आणि कळले याचीच लाज वाटली.

१९९०च्या दशकातली ती शाळा. लांब व्हरांडा, त्याला नऊ खांब, आणि नवव्या खांबाशी त्यांचा वर्ग. मी तरुण होतो, नवा होतो, वर्गात सत्तर मुले. एका जुन्या शिक्षकांनी कानमंत्र दिला होता, की पहिले सहा महिने हसायचे नाही. मी त्यात स्वतःची भर घातली. वर्गाकडे जाताना हातातली छडी प्रत्येक खांबावर एकदा टेकवत जात असे. टक्. मग चार पावले. टक्. पाचव्या खांबाशी पोचेपर्यंत वर्गातला गोंगाट विझलेला असे आणि नवव्या खांबाशी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मला त्याचा अभिमान होता. मी क्वचितच मारत असे. छडी न वापरता शिस्त राखतो, असे मी सहकाऱ्यांना सांगतही असे.

“मारल्याचं काही वाटत नाही सर,” तो म्हणाला. “मारायचे सगळेच, आणि तुम्ही तर कमीच. पण ते खांब मी मोजायचो. एक, दोन, तीन. सातव्याला हात ओले व्हायचे. कविता घरी पाठ असायची, पण नवव्या खांबाला सगळी पुसून जायची. तुम्हांला वाटायचं मी अभ्यास करत नाही.” मग जरासा हसून तो म्हणाला, “पोरीच्या खोलीत जाताना मी बाहेरूनच तिला नावानं हाक मारतो. नुसतं पाऊल वाजवत जात नाही. का ते तिला आज कळलं असेल.”

तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर मला सोपे गेले असते. त्याच्या पत्नीने विषय बदलला आणि “सर, अजून एक करंजी घ्या की,” असे म्हणून ताट पुढे केले. मी घेतली. ती कशी होती ते मला आठवत नाही.

घरी परतताना माझ्या त्या सुबक वाक्याचे काय झाले हे मी पाहत होतो. सांगून घाबरवतो तो कलावंत? मी तर नऊ वेळा सांगत होतो. ‘सायको’च्या रेघांइतकीच नेमकी, ताल धरून येणारी माझी नांदी होती. तिने वर्गाची जात ठरत होती, पुढच्या चाळीस मिनिटांकडे कसे पाहायचे हे ठरत होते. कवितेचा तास होता, पण नांदीने त्याचा भयपट करून टाकला होता. त्या मुलाची कविता खांबांत अडकली, आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘पाठांतराकडे लक्ष हवे’ असा शेरा मारत राहिलो.

म्हणजे सूचना देणे पुरेसे नाही. सूचना तर धाकही देतो. किंबहुना धाक हा नुसता सूचनेवरच जगतो. बापाच्या स्कूटरचा फाटकाशी येणारा आवाज, साहेबाच्या केबिनची घंटा, ही सगळी श्रेयनामावलीच आहे. सीमाभागात वाढलेल्यांना भर बाजारात एकामागून एक शटर धडाधड खाली येण्याचा आवाज ठाऊक आहे. तो आवाज ऐकून जो घाबरतो तो घरी कोणती भाषा बोलतो, हे शटर विचारत नाही. या सगळ्यांत पूर्वसूचना आहे आणि कला मात्र कुठेच नाही.

मग फरक कोठे आहे? मला तो दोन ठिकाणी दिसतो.

पहिला, दार. ‘फ्रॅंकेन्स्टाइन’मधले ते गृहस्थ सावध करतात तेव्हा प्रेक्षागृहाचे दार उघडे असते. तिकीट स्वतः काढलेले असते आणि उठून जायला कोणी अडवत नाही. झी टीव्हीपुढच्या पोरांना कान झाकायची मोकळीक होती. माझ्या वर्गातल्या मुलाने कान झाकले असते तर मी त्याला उभे केले असते. अभिनवगुप्तांच्या भाषेत सांगायचे तर तिथे साधारणीकरण होणे शक्यच नव्हते. ते भय देशकाळापासून सुटलेले नव्हते, ते त्याचेच होते, इयत्ता आठवी, तिसरा बाक. रथापुढचे हरीण पाहणारा प्रेक्षक आणि ते हरीण यांत जे अंतर, तेच भीतीच्या कलेत आणि धाकात.

दुसरा फरक, शेवट. चित्रपट संपतो, दिवे लागतात. गंमत अशी, की त्याच १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’त तेच व्हॅन स्लोन शेवटी पडद्यापुढे येत आणि घरी निघालेल्या प्रेक्षकांना मिश्किलपणे बजावत, की अशी पिशाच्चे खरोखरच असतात बरे का. १९३६ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तो भाग काढून टाकण्यात आला. कारणे तेव्हाच्या धार्मिक आक्षेपांच्या भीतीची होती. पण मला ते काढणे आणखी एका अर्थाने योग्य वाटते. भीती घरापर्यंत पाठवू नये. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अक्राळविक्राळ नरकासुर मिरवतात. आठ-दहा हात उंच, लाल जीभ, बटबटीत डोळे, कडेवरची पोरे रडतात. पण पहाट झाली की तो जळतो, आणि जळताना त्याच पोरांना दाखवतात. ज्याला पहाट आहे तो भयानक रस. धाकाला पहाट नसते. माझ्या विद्यार्थ्याच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही तो सातव्या खांबापाशी शिल्लक होता.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी केली, आणि त्याच कलमात मानसिक छळालाही. तो कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा आम्ही शिक्षक आपसांत कुरकुरलो होतो. मला तर वाटले होते, की याचा आपल्याशी संबंध नाही, आपण मारतो कुठे? कलमातला दुसरा भाग मी नीट वाचला नव्हता. एका अर्थी त्याची नावे मी पुढे ढकलली होती.

भीतीवाचून शाळा चालते का, असे मला सहकारी विचारतात. अगदी भीतीवाचून चालते असे मी म्हणणार नाही. परीक्षेची थोडी भीती असते, आणि ती असायला माझी हरकत नाही, कारण ती मार्चात संपते. पण कोणी कोणाला घाबरवू पाहत असेल, मग तो शिक्षक असो, बाप असो, की सभेत आवाज चढवणारा पुढारी असो, तर मी आता तीन गोष्टी पाहतो. त्याने सांगितले आहे का, दार उघडे ठेवले आहे का, आणि हे कधी संपेल ते त्यालाही ठाऊक आहे का. भयपट करणारी माणसे ही तिन्ही पथ्ये धंद्यासाठी का होईना पाळत आली. आम्ही मुलांचे कल्याण करणारी माणसे पहिल्यावरच थांबलो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. नावे कशाला पाहायची? आजकाल घरबसल्या मालिका पाहताना सुरुवातीची नावे वगळायची कळच पडद्यावर येते, आणि नवी पिढी ती निमूटपणे दाबते. मी सांगेन, भयपटाची तरी वगळू नकोस. ती तेवढी दोन मिनिटे तुला विचारायला आलेली असतात. आणि जिथे कोणी विचारत नाही, नुसती छडी खांबावर वाजत येते, तिथे ते भय नाटकातले नाही, हे तुला ओळखता यायला हवे.

मी आता मुख्याध्यापक आहे. फेरीला निघालो की व्हरांड्याच्या या टोकालाच शिपायाशी मोठ्याने दोन शब्द बोलतो आणि वर्गाच्या दाराशी थांबून “येऊ का आत?” असे विचारतो. मुलांना सुरुवातीला ते विचित्र वाटले. एका वर्गात परवा आतून कोणीतरी “थांबा सर, फळा पुसतोय,” असे म्हणाले. मी थांबलो.

या दिवाळीत पुन्हा पाडव्याला त्यांच्याकडे जायचे आहे. मुलीने निरोप पाठवला आहे, की या वेळी चित्रपट तुम्ही निवडा, नावांसकट पाहू. फाटकाशी पोचलो की मी आधी त्याला नावाने हाक मारीन.